तीन वाजताचा रकाना

पाणीखात्यात तिला सगळे बाटलीबाई म्हणत. नाव कोणी पाडलं ते आता कोणालाच सांगता आलं नसतं, पण बसलं होतं चपखल. रोज सकाळी आठच्या ठोक्याला ही बाई बाटल्यांचा लाकडी खोका घेऊन नदीकाठच्या पायऱ्या उतरायची, आणि हे सदतीस वर्षं चाललं होतं. नवा कारकून हे नाव ऐकून पहिल्यांदा फिसकन हसायचा, मग तिच्याकडे बघून हसू गिळायचा. ती चिडायची नाही. फक्त अशी बघायची की आपण शर्ट उलटा तर घातला नाही ना, असं समोरच्याला वाटावं.

काम सांगायला सोपं होतं. पायऱ्यांच्या तळाशी जॅकवेल होती, म्हणजे नदीचं पाणी आत घेणारी दगडी विहीर, आणि तिच्या तोंडाशी लोखंडी जाळी. जाळीच्या अलीकडे गुडघ्यावर बसायचं, बाटली पाण्यात बुडवायची, बुडबुडे थांबले की पाण्याखालीच बूच लावायचं. मग पितळी नळीतला थर्मामीटर दोरीनं खाली सोडायचा आणि मनात दोनशेपर्यंत मोजायचं. रजेवर गेली की बदलीवर येणारे लोक पन्नासला वर ओढायचे. ही दोनशे म्हणजे दोनशे. थंडीत बोटं बधिर झाली तरी दोनशे. मग प्रयोगशाळेत येऊन नोंदवहीत आकडा लिहायचा, आणि लिहिलेला आकडा म्हणजे तिच्या लेखी दगडावरची रेघ.

आता दगडावरची रेघ म्हटलं की मला तिच्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षाबद्दल सांगावं लागेल, आणि ते सांगायच्या आधी सावलीबद्दल.

पायऱ्यांपासून वरच्या वळणापर्यंत आणि वळणापासून पुलापर्यंत नदीच्या दोन्ही काठांना वाळुंजाची झाडं होती. जुनी, वाकडीतिकडी, फांद्या पाण्यात सोडून बसलेली. ती कोणी लावली नव्हती आणि कोणी राखलीही नव्हती. भर उन्हाळ्यात वर रस्त्यावर डांबर चपलेला चिकटायचं आणि खाली पायऱ्यांवर बसलं की अंगावर काटा यायचा. बाटलीबाई वीस वर्षांची असताना कामाला लागली, तेव्हा तिथे एक म्हातारे केमिस्ट होते. त्यांना सगळे काकाच म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला पायऱ्यांवर उभं करून वर बघायला लावलं. आपण तुरटी टाकतो, वाळूतून पाणी गाळतो, क्लोरीन सोडतो, ते सगळं नंतरचं, ते म्हणाले. पाणी पहिल्यांदा साफ होतं ते इथे. मुळं काठ धरून ठेवतात म्हणून माती नदीत येत नाही. शेतातलं खत वाहून येतं ते निम्मं तिथेच अडतं. ऊन पोचत नाही म्हणून शेवाळ माजत नाही. आणि पाणी गार असलं की त्यात प्राणवायू टिकतो. पाणी तापलं की तो उडून जातो, मग मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात.

तिला त्यातलं निम्मं कळलं. उरलेलं निम्मं पुढे सदतीस वर्षांत कळत गेलं.

काकांच्या नोंदवहीत त्याच वर्षापासून तपमानाचे दोन रकाने होते, एक सकाळी आठचा, दुसरा दुपारी तीनचा. दोन का, असं तिनं विचारलं होतं. सकाळचं पाणी सगळीकडे शहाण्यासारखंच वागतं, काका म्हणाले. सावली आहे की नाही ते दुपारी तीनला कळतं. पहिली दोन वर्षं तिनं दोन्ही रकाने इमानेइतबारे भरले. सकाळी एकवीस, तर दुपारी साडेएकवीस. सकाळी बावीस, तर दुपारी पावणेतेवीस. वर आग ओकणारं ऊन असो, पाणी अर्ध्यापाऊण अंशाच्या वर सरकायचं नाही. तिला त्याचा कंटाळा यायचा. सावलीचं काम असं कंटाळवाणंच असतं. ते चाललेलं असतं तोवर कुठे काही घडतच नाही.

आता घरचं. घर म्हणजे एका लाँड्रीच्या मागची खोली. भिंतीपलीकडे दिवसभर इस्त्र्या फिरायच्या, त्यामुळे थंडीत खोली ऊबदार आणि उन्हाळ्यात नुसती भट्टी. वडील आधीच गेले होते. आई गेली तेव्हा ही सतरा वर्षांची होती आणि धाकटी बहीण तीन वर्षांची. नातेवाइकांनी पोरीला आम्ही नेतो, आम्ही नेतो असं पंधरा दिवस म्हटलं आणि सोळाव्या दिवशी सगळ्यांना आपापल्या गाड्या पकडायच्या होत्या. हिनं त्यांच्याकडून काही अपेक्षाही ठेवली नाही. ताईची आई झाली, बस्स. त्यावर कादंबरी लिहिण्यासारखं काही नाही, असं ती स्वतःच म्हणायची.

धाकटी आठ वर्षांची झाली तेव्हा तिच्या शाळेची वेळ बदलली. अडीचला सुटायला लागली. ताईचं काम साडेपाचपर्यंत. खोलीची किल्ली पोरीच्या गळ्यात बांधलेली असायची, पण एकटीला आत बसायची भीती वाटायची, म्हणून ती दाराच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसून राहायची. एक दिवस लाँड्रीवाल्यानं ताईला बाजूला घेऊन सांगितलं की तुमच्या पोरीशी एक माणूस तीन दिवस गप्पा मारायला येतोय, मी आज हाकलला त्याला, पण माझं लक्ष इस्त्रीवर असतं.

दुसऱ्या दिवसापासून ती सव्वादोनला कामावरून निघायला लागली. पोरीला फाटकातून घ्यायचं, घरी आणायचं, खाऊ घालायचं, वेणी सोडून पुन्हा घट्ट घालून द्यायची, शेजारच्या आजींकडे अभ्यासाला बसवायचं आणि चारच्या आत परत खात्यात हजर. आणि तीन वाजताचा आकडा? तो ती बारा वाजताच लिहून टाकायची. सकाळचा आकडा अधिक अर्धा. दोन वर्षं अर्धाच तर येत होता. पाणी तेच, झाडं तीच, यंदा वेगळं काय होणार? आकडा खोटा नाही, फक्त मोजलेला नाही, असं तिनं स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला समजावायला बसलं की वाटेल ते पटवून घेतं.

वर्षाच्या शेवटी काकांनी नोंदवही चाळली. तीनशे दिवस, आणि प्रत्येक दिवशी बरोबर अर्धा. पाव नाही, पाऊण नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "तुझं पाणी फारच शिस्तीचं आहे गं." तिनं मान खाली घातली. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. त्यांना पोरीचं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर लिहून पाठवलं की दुपारच्या तपमानात काही फरक आढळत नसल्यामुळे ते घेणं बंद करावं. ते बंद झालं. पुढच्या वर्षीची नोंदवही छापून आली तेव्हा तिच्यात तो रकानाच नव्हता.

भल्या माणसानं तिला खोटं बोलण्यातून सोडवलं आणि नदीचा साक्षीदार काढून घेतला. त्या वेळी दोघांच्याही हे डोक्यात आलं नाही.

त्यानंतर मात्र तिनं एक आकडा न मोजता लिहिला नाही. चौतीस वर्षं. दोनशेपर्यंत मोजायची सवय त्याच वर्षीची. तिच्या बाटल्या तिच्याशिवाय कोणी धुवायच्या नाहीत, तिच्या थर्मामीटरला कोणी हात लावायचा नाही. लोक म्हणायचे, बाटलीबाईचं हे जरा अतीच आहे. अती होतंच. ती कशाची भरपाई करत होती ते लोकांना माहीत नव्हतं.

धाकटी शिकली. चांगली शिकली. इंजिनिअर झाली, स्पर्धा परीक्षा दिली, बाहेर चार ठिकाणी नोकरी केली आणि एकेचाळिसाव्या वर्षी याच पाणीखात्याची प्रमुख होऊन परत आली. खात्यात गंमत झाली. मॅडम ज्या मजल्यावर बसायच्या तिथे जाताना शिपाईसुद्धा शर्ट खोचायचे, आणि बाटलीबाई मात्र तळमजल्यावरून वर बघून म्हणायची, आज डबा खाल्लास का विचारून घ्या तिला. धाकटीनं कधी याची लाज मानली नाही, हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं. रविवारी ती ताईकडे यायची, जेवायची, आणि जेवून झाल्यावर अजूनही जमिनीवर बसून ताईच्या गुडघ्याला टेकून डोळे मिटायची.

नदीकाठाची योजना धाकटीच्या आधीपासूनची होती. दोन्ही काठांना काँक्रीटची भिंत, वर फिरायला फरसबंद रस्ता, बाकं, दिवे. झाडं त्यात बसत नव्हती. शिवाय पानगळीत जाळी पानांनी भरायची, पंप बंद पडायचे आणि सगळ्यांचे शिव्याशाप खात्यालाच. धाकटी काही राक्षस नव्हती. वरून दट्ट्या होता, लोकांना रस्ता हवा होता, आणि पंप पानांनी बंद पडतात हे खोटं नव्हतं. काम दोन टप्प्यांत होतं. पहिला टप्पा पुलापासून वळणापर्यंत. तो तिनं सही करून सुरू केला आणि सहा महिन्यांत संपवला. वळणापासून पायऱ्यांपर्यंतचा दुसरा टप्पा पुढच्या वर्षी व्हायचा होता.

पुलापासून वळणापर्यंत झाडं गेली तेव्हा बाटलीबाईनं नाक मुरडलं, पण गप्प राहिली. गप्प राहवेना ते पुढच्या उन्हाळ्यात. सकाळी आठचा आकडा काही बोलत नव्हता. एकवीस, साडेएकवीस, कुठे बावीस. पण बाटलीच्या तळाशी हिरवट साय जमायला लागली होती. पाणी गाळायच्या वाळूचे गाळे आठवड्यातून एकदा धुवायचे ते दोनदा धुवावे लागत होते. आणि एका दुपारी पंपवाला म्हणाला की बाई, मासे वर येऊन आ वासतायत, बघितलंत का?

पस्तीस वर्षांनी ती दुपारी तीनला पायऱ्या उतरली. थर्मामीटर सोडला, दोनशे मोजले. सव्वापंचवीस. तिला वाटलं चूक झाली. पुन्हा सोडला, पुन्हा दोनशे मोजले. सव्वापंचवीसच. वरच्या उघड्या पट्ट्यात तापलेलं पाणी वळणाच्या सावलीत थोडं निवून येत होतं, तरी सव्वापंचवीस. ती वर चालत गेली, वळणाच्या पलीकडे, जिथे आता पांढरी भिंत होती आणि एक माणूस नव्या बाकावर पेपर डोक्यावर धरून बसला होता. तिथे एकोणतीस भरले. म्हणजे वळणाची सावली होती म्हणून जाळीशी पाणी निदान पाणी होतं. ती गेली की एकोणतीस थेट जाळीत येणार होते. दोन महिने तिनं रोज तीनला मोजलं. साध्या वहीत, तारीख घालून, सही करून.

एका रविवारी जेवणानंतर तिनं ती वही धाकटीच्या पुढ्यात ठेवली. धाकटीनं पानं उलटली. ती हुशार होती, तिला समजावून सांगावं लागलं नाही. मग पुन्हा पहिल्या पानावर आली.

"ताई, सव्वापंचवीस हे जास्त आहे असं तू म्हणतेस," ती शेवटी म्हणाली. "पण कशापेक्षा? आधी दुपारी किती होतं? माझ्याकडे तर आठचेच आकडे आहेत, आणि आठला काहीच फरक नाही. वर मी काय दाखवू?"

"आधी साडेएकवीस असायचं."

"तू म्हणतेस. कागद दाखव. आधीचा कागद आण, मी वळणाला हात लावू देणार नाही. माझी सही आहे, मीच थांबवीन."

ताईनं तिच्याकडे बघितलं. धाकटी खोटं आश्वासन देणाऱ्यातली नव्हती. ताईला हे पक्कं माहीत होतं, कारण तिला घडवलं हिनंच होतं. त्या क्षणी तिला एवढं बरं वाटलं की तिसऱ्या वर्षाची आठवण दोन दिवस मनात आलीच नाही.

जुन्या नोंदवह्या दप्तरखान्यात होत्या. पाणीखात्यात एखादा कागद फेकून द्यायचा तर त्याची आधी फाइल करावी लागते, म्हणून कोणी काही फेकत नाही. चौथ्या दिवशी, धुळीनं शिंकून शिंकून डोळे लाल झाल्यावर, तिला ती सापडली. जाड, लाल पुठ्ठ्याची, तीन वर्षांची एकच नोंदवही. तिनं उघडली. तिचं विसाव्या वर्षीचं गोल अक्षर. साडेएकवीस, पावणेतेवीस, बावीस. तिथेच खाली बसून ती रडली. मग पानं उलटत गेली आणि तिसऱ्या वर्षाशी पोचली तेव्हा रडणं थांबलं.

दोन वर्षं पुरेशी आहेत, तिनं ठरवलं. सहाशेच्या आसपास खरे आकडे. तिसऱ्या वर्षाची पानं काढून टाकावीत असं तिच्या मनात आलं. पानांवर अनुक्रमांक छापलेले होते. आणि तसे नसते तरी तिनं काढली नसती. तिनं दुसऱ्या वर्षाच्या शेवटच्या पानावर कागदाची पट्टी घातली आणि मनाला बजावलं की इथपर्यंतच दाखवायचं. तिसरं वर्ष मोजलेलं नाही, असं ती सरळ आधीच सांगू शकली असती. सांगायला हवं होतं. धाकटीला एकटीला गाठून तरी. पण सदतीस वर्षं जिच्या आकड्याला कोणी बोट लावलं नाही, तिला ते तोंडातून काढणं जिवावर आलं. तिची चूक म्हणायची तर ही. ते वर्ष नव्हे. त्या वर्षी तिनं जे केलं ते मी केलं असतं, तुम्हीही केलं असतंत.

बैठक खात्याच्या लांब खोलीत होती. टेबलाच्या टोकाला धाकटी, दोन्ही बाजूंना सहा माणसं. त्यातला एक बागखात्याचा गृहस्थ झाडांच्या बाजूचा होता. बाकीचे दुपारी जेवणाच्या आत सगळं आटपावं या बाजूचे. बाटलीबाईला शेवटी भिंतीजवळची खुर्ची मिळाली. तिनं धुतलेली साडी नेसली होती आणि नोंदवही दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

तिला बोलायला सांगितलं तेव्हा तिनं पट्टीपर्यंतची पानं दाखवली. आकडे बरोबर सांगितले. तेव्हा दुपारी इतकं, आता इतकं, आणि वळणाच्या वर एकोणतीस. खोलीत जरा चुळबुळ झाली. धाकटी पुढे झुकून ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर ताईला काय दिसलं सांगू? अभिमान. तिनं पेनाचं टोपण काढलंही होतं.

घोळ घातला तो बाजूच्याच माणसानं. बागखात्याच्या गृहस्थानं उत्साहानं नोंदवही आपल्याकडे ओढली, पट्टीच्या पुढची पानं उलटली आणि चष्मा कपाळावर चढवून म्हणाला की अहो, हे तर त्याहून भक्कम आहे, हे तिसरं वर्ष बघा. रोज बरोबर अर्धा अंश. एक दिवस चुकलेला नाही. सावलीनं पाणी किती घट्ट धरून ठेवलं होतं याला आणखी काय पुरावा हवा? त्यानं मोठ्यानं आकडे वाचायला सुरुवात केली. एकवीस, साडेएकवीस. बावीस, साडेबावीस. तारखा, महिने. ताईनं खुर्चीची कड घट्ट धरली.

धाकटी ऐकत होती. आधी नुसतीच. मग तिच्या कपाळाला आठी पडली. कुठलं साल, असं तिनं विचारलं. त्यानं सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं.

"ते वर्ष धरू नका," ती म्हणाली.

का, असं कोणीतरी विचारलं. धाकटीनं ताईकडे बघितलं. तिला गप्प बसता आलं असतं. ते कोणालाही कधीच कळलं नसतं.

"त्या वर्षी मी तिसरीत होते. तीन वाजता या रोज घरी असायच्या. माझी वेणी घालायच्या."

बागखात्याच्या गृहस्थाचं बोट अजून पानावरच होतं. एकानं विचारलं, म्हणजे हे आकडे बसल्या जागी लिहिलेत? ताई उठून उभी राहिली आणि हो म्हणाली. पहिली दोन वर्षं मोजलेली आहेत, हेही म्हणाली. पण तेवढ्यात सगळे एकमेकांशी बोलायला लागले होते आणि ती दोन वर्षं त्या गलक्यात कुठल्या कुठे गेली. जी बाई एक वर्ष बसून लिहिते तिची बाकीची तरी कशावरून खरी, हा प्रश्न कोणीही विचारला असता. विचारलाच. तिनं दोन महिने उन्हात उभं राहून भरलेली साधी वहीही मग कोणी उघडली नाही.

धाकटी खरं बोलली होती. खरं बोलायला तिला कोणी शिकवलं, हे त्या खोलीत एकाच माणसाला माहीत होतं. ताईला राग आला तो खऱ्याचा नव्हता. सबंध जन्मात तिनं या पोरीसाठी जे केलं त्यातली नेमकी तीच वेळ, ज्या वेळेसाठी तिनं नदी सोडली होती, तीच हिनं चारचौघांत पुरावा म्हणून काढली. आणि ती सांगताना धाकटीचा आवाज मऊ झाला होता, हे सगळ्यात वाईट. धाकटीच्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या दुपारी होत्या त्या.

नोंदवहीच्या पुठ्ठ्यावर शेरा लिहिला गेला. सदर नोंदवहीतील दुपारच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत, संदर्भासाठी वापरू नयेत. खाली प्रमुखांची सही. बाटलीबाईला नदीवरून काढून बाटल्या धुण्यावर बसवलं. निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं म्हणून चौकशी केली नाही, ही मेहेरबानी. आता तिच्या जागी यंत्र बसणार होतं. आठ दिवसांत वळणावर करवती आल्या. धुण्याच्या मोरीच्या खिडकीतून त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू यायचा. ती नळ मोठा सोडायची.

पुढच्या उन्हाळ्यात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं, किंवा प्यायलं म्हणा. काठ भिंतीत गेला होता, वरच्या शेतांचं खत आता अडत नव्हतं, आणि ऊन सबंध दिवस थेट पाण्यावर. पानं जाळीत अडकायची बंद झाली, हे कबूल केलं पाहिजे. त्यांच्या जागी शेवाळाच्या लडी अडकायला लागल्या, आणि त्या पानांसारख्या दाताळ्यानं निघत नाहीत. गाळे रोज धुतले तरी पाण्याला कुबट वास. क्लोरीन वाढवलं तर वास आणखीच विचित्र. जाळीशी मेलेले मासे. नवं यंत्र दुपारी तीनला तीस दाखवत होतं आणि ते छापून वर जात होतं. लोक बाटल्या, भांडी घेऊन खात्याच्या दारात यायला लागले आणि मॅडमच्या टेबलावर ती ओतून दाखवायला लागले.

बैठकीनंतर धाकटीनं ताईकडे येणं सोडलं नव्हतं, पण रविवार मधेच चुकायचा, आणि आली की खुर्चीवर बसायची. त्या विषयावर दोघी एक शब्द बोलल्या नव्हत्या. एका दुपारी, रविवार नसताना, ती आली. थकलेली दिसत होती. ताईनं पंखा लावला आणि ती बोलेपर्यंत वाट बघितली.

वरच्या कार्यालयानं आता विचारलं होतं की पाणी बिघडलं ते झाडं तोडल्यामुळे की आधीपासून तसंच होतं. झाडं तोडल्यामुळे असेल तर भिंत काही ठिकाणी काढून काठावर पुन्हा झाडं लावायला मंजुरी मिळू शकत होती. पंधरा-वीस वर्षं लागतील सावली यायला, पण सुरुवात तरी होईल. आधीच्या दुपारच्या तपमानाचा पुरावा हवा होता. तो असता तर नदी वाचली असती, आणि धाकटीची खुर्चीही, पण खुर्चीचं ती बोलली नाही.

"पहिली दोन वर्षं तर तू मोजली होतीस ना, ताई?" तिनं विचारलं.

"मोजली होती."

"मग तू लिहून दे. तुझ्या सहीनं. मी ते वर पाठवते."

ताईनं तिच्याकडे बघितलं. तिच्या मनात आधी राग आला, मग राग धरायचाही कंटाळा आला. तिला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि वाटत होतं ते एवढंच की ही पोर दमली आहे, हिनं दुपारचं जेवलेलं नाही.

"देईन लिहून," ती म्हणाली. "पण वरचे नोंदवही मागतील. ती उघडायच्या आधी पुठ्ठ्यावरचा शेरा वाचतील, आणि खाली तुझी सही आहे. माझ्या सहीनं तुझी सही कशी खोडली जाईल? मी खोटं लिहिते, हे तूच सांगितलंस सगळ्यांना. आणि तुझं सगळे खरं मानतात."

पंख्याचा आवाज येत होता आणि भिंतीपलीकडे कोणीतरी नळ सोडला होता. थोड्या वेळानं धाकटीनं पाणी मागितलं. ताईनं माठातलं पाणी पेल्यात ओतून तिच्या हातात दिलं. माठात घातलं तरी वास जात नव्हता, हे दोघींनाही माहीत होतं. धाकटीनं पेला तोंडाला लावला आणि न थांबता शेवटपर्यंत रिकामा केला. चेहरा वाकडा केला नाही. ताईनं दिलेलं तिनं लहानपणापासून कधी उष्टं टाकलं नव्हतं.